मराठी वाचकाने परभाषेतील समकालीन कादंबरी कोणत्या भाषेतून वाचावी?

प्रश्न : सोलापूरचा वाचक

नमस्कार. आमच्या वाचनगटाने येत्या वर्षभर मराठीबाहेरचे समकालीन कथासाहित्य वाचायचे ठरवले आहे. यादीत गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’, कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या कथा आणि जपानी लेखक हारुकी मुराकामी यांची एखादी कादंबरी आहे. गटात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत काम करणारे आहेत आणि महाविद्यालयीन विद्यार्थीही आहेत. इंग्रजी सर्वांना सारखेच सुखाचे नाही. काहींचे म्हणणे असे की, आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार इंग्रजी अनुवादाला मिळतो, तेव्हा तोच प्रमाण मानून वाचावा. इतरांचे म्हणणे असे की, मराठी अनुवाद मिळाला तर तो कशावरून केला आहे याची चिकित्सा न करता वाचावा, कारण चर्चा शेवटी मराठीतच होणार आहे. मला दोन्ही बाजू पुरत्या पटत नाहीत. मूळ भाषा येत नसेल, तर इंग्रजीवरून केलेला मराठी अनुवाद वाचावा की सरळ इंग्रजीच वाचावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : धारवाडहून

‘रेत समाधि’ आपण हिंदीतूनच वाचा, असे आग्रहाने सांगेन. ही कादंबरी २०१८ साली हिंदीत आली आणि डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ साली पुरस्कार मिळाला; त्यानंतर हिंदी उत्तम वाचू शकणारे कितीतरी मराठी वाचक इंग्रजी प्रत विकत घेताना पाहिले आणि मनापासून वाईट वाटले. रॉकवेल यांचे काम फार मोठे आहे, पण ते ज्यांना हिंदी येत नाही त्यांच्यासाठी आहे. पतीच्या निधनानंतर घराकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून पडून राहिलेली ऐंशी वर्षांची आई आणि तिला उठवण्यासाठी एकेक करून येणारी घरातली माणसे हा सुरुवातीचा भाग मोठ्याने वाचून पाहा. वाक्ये लांबत जातात, मध्येच वळतात, घरातल्या बोलण्याच्या लयीत परत येतात. तिथे कथानकापेक्षा हा आवाज महत्त्वाचा आहे आणि तो आपल्याला मध्यस्थाशिवाय ऐकू येऊ शकतो. गटातल्या ज्यांना इंग्रजी जड जाते, त्यांना हे हिंदी तितके जड जाणार नाही.

बानू मुश्ताक यांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. दीपा भास्ती यांनी अनुवादित केलेल्या ‘हार्ट लॅम्प’ला २०२५ सालचा पुरस्कार मिळाला, हा मान मिळवणारा तो पहिला कथासंग्रह. त्यातल्या बारा कथा तीन दशकांहून अधिक काळातल्या लेखनातून अनुवादिकेने निवडलेल्या आहेत, म्हणजे इंग्रजी वाचकासमोर आलेला संग्रह हा भास्ती यांच्या निवडीचाही संग्रह आहे. कन्नड, उर्दू, अरबी शब्द त्यांनी तिरप्या अक्षरांत वेगळे काढले नाहीत आणि तळटिपाही दिल्या नाहीत. तरीही इंग्रजी ही त्या घरांपासून लांबची भाषा आहे. कर्नाटकातल्या मुस्लिम कुटुंबांतली नाती, दर्गे, मशिदीच्या मुतवल्लीचा (व्यवस्थापकाचा) गावावरचा वचक, माहेरी परत आलेल्या मुलीपुढे बंद होणारी दारे, यांतले बरेचसे सोलापूरच्या वाचकाला परिचयाचे आहे आणि दखनी उर्दू तर आपल्या शहरातही कानावर पडते. म्हणून या कथांचा मराठी अनुवाद निवडताना तो थेट कन्नडमधून झाला आहे का, हे पाहण्याला फार अर्थ आहे.

कन्नडमधून मराठीत येण्याची वाट आपल्याकडे चांगली मळलेली आहे, हेही गटाला सांगा. विरूपाक्ष कुलकर्णी यांनी मूळ कन्नड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करावे आणि उमा कुलकर्णी यांनी ते ऐकत मराठीत लिहावे, अशा रीतीने एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आल्या आणि कित्येक घरांत त्या मराठी कादंबऱ्यांइतक्याच आपुलकीने वाचल्या गेल्या. त्या अनुवादांत संवाद इतके बोलके वाटतात, याचे एक कारण मला या ऐकण्यात दिसते.

प्रतिसाद २ : जर्मनीतून

मुराकामी यांच्याविषयी इथला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. त्यांच्या ‘साऊथ ऑफ द बॉर्डर, वेस्ट ऑफ द सन’ या कादंबरीच्या जर्मन आवृत्तीवर २००० साली दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध साहित्यविषयक कार्यक्रमात मार्सेल राइश-रानिकी आणि सिग्रिड ल्योफ्लर या समीक्षकांत एवढा कडाक्याचा वाद झाला की, ल्योफ्लर यांनी तो कार्यक्रमच सोडला. एकाला ती श्रेष्ठ प्रेमकथा वाटत होती, तर दुसरीला तिची भाषा सवंग वाटत होती. त्यानंतर लोकांचे लक्ष गेले ते या गोष्टीकडे की, ज्या भाषेवरून हे रणकंदन झाले ती जपानीवरून आलेलीच नव्हती. जर्मन अनुवाद इंग्रजीवरून केलेला होता. पुढे २०१३ साली उर्सुला ग्रेफे यांनी केलेला थेट जपानीवरचा अनुवाद नव्या नावाने प्रसिद्ध झाला.

‘द वाइंड-अप बर्ड क्रॉनिकल’ची गोष्ट मला यापेक्षाही बोधक वाटते, कारण तिथे केवळ शैलीचा प्रश्न नव्हता. जपानीत तीन खंडांत आलेली ही कादंबरी जे रुबिन यांनी १९९७ साली इंग्रजीत आणली, तेव्हा प्रकाशकाने घातलेल्या लांबीच्या मर्यादेमुळे मजकूर कापावा लागला आणि काही प्रकरणांचा क्रमही बदलला. त्या इंग्रजीवरून झालेल्या जर्मन अनुवादात ती काटछाट तशीच उतरली. जर्मन वाचकाला संपूर्ण कादंबरी थेट जपानीवरून मिळायला २०२० साल उजाडले. मधल्या भाषेत जे गळते ते तिसऱ्या भाषेतला अनुवादक कितीही कसलेला असला तरी परत आणू शकत नाही, कारण ते त्याच्यासमोर आलेलेच नसते. मराठीत जपानी आणि कोरियन कादंबऱ्या बहुधा इंग्रजीवरूनच येतात, त्यामुळे हा धोका आपल्यालाही आहे.

म्हणून ज्यांना इंग्रजी सहज वाचता येते त्यांनी जपानी कादंबरी इंग्रजीतून वाचावी. ज्यांना ते जड जाते, त्यांनी मराठी अनुवाद बिनदिक्कत वाचावा; त्यासाठी कादंबरीलाच मुकावे, हे मला अजिबात मान्य नाही. दोन्ही गटांनी एकच प्रकरण निवडून शेजारी ठेवले, तर चर्चेला चांगले खाद्य मिळेल.

प्रतिसाद ३ : एक ग्रंथपाल

पुस्तक घेण्यापूर्वी शीर्षकपानाची मागची बाजू वाचावी. मूळ भाषा, मूळ पुस्तकाचे नाव व वर्ष आणि इंग्रजीचा आधार घेतला असल्यास इंग्रजी अनुवादकाचेही नाव तिथे असायला हवे. अनेक मराठी पुस्तकांत ‘मूळ लेखक’ एवढेच छापलेले असते आणि ज्याच्या वाक्यांवरून मराठी वाक्ये बेतली, त्या मधल्या अनुवादकाचा उल्लेखही नसतो. हा अन्याय आहे आणि वाचकांनी प्रकाशकांना पत्र लिहून तो दाखवून द्यायला हवा. आंतरराष्ट्रीय बुकरची ५० हजार पौंडांची रक्कम लेखक आणि अनुवादक यांत समान वाटली जाते. आपल्याकडे निदान नाव तरी छापले जावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘रेत समाधि’ हिंदीतून घेण्याचे पक्के केले. बानू मुश्ताक यांच्या कथांसाठी आणखी एक विचारतो : गटातले दोघे अक्कलकोटकडचे आहेत आणि घरी कन्नड बोलतात, पण त्यांना कन्नड लिपी वाचता येत नाही. त्यांचा काही उपयोग करून घेता येईल का?

प्रतिसाद ४ : धारवाडहून

नक्कीच. एखादी कथा कन्नड वाचता येणाऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या, त्या दोघांना ऐकू द्या आणि परिच्छेदागणिक मराठीत सांगायला लावा; इतरांनी तेवढा वेळ इंग्रजी प्रत हातात धरावी. कथा लांब असल्या तर दोन बैठकी ठेवा. वाचून दाखवणारे कुणी मिळाले नाही तर मला निरोप पाठवा, मी दूरध्वनीवरून वाचून दाखवीन.