घरचं सीएनसी ॲल्युमिनियमवर किंचाळतंय, स्पिंडल बदलू का?

पॅटर्नवाला: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या पॅटर्न शॉपला आहे, ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने (पॅटर्न) बनवतो. दीड वर्ष खपून पडवीत सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणारं कापायचं मशीन, उभं केलं. ॲल्युमिनियम प्रोफाइलची फ्रेम, सरकायला २० एमएमचे लिनियर गाइड (रेल), १६०५ बॉलस्क्रू (१६ एमएम जाड, ५ एमएम पिचचा), नेमा २३ मापाच्या मोटारी, कटर फिरवायला २.२ किलोवॅटचा स्पिंडल. सागवान लोण्यासारखं कापतंय. पण ॲल्युमिनियममध्ये ६ एमएमचा कटर अर्धा एमएम उतरवला की किंकाळी, आणि भिंतीवर माशाच्या खवल्यासारख्या खुणा. शेजारच्या काकूंनी दोनदा येऊन बघितलं. मोठा स्पिंडल घेऊ का? पुढं एमएस (साधं पोलाद) पण कापायचंय.

लेथवाला: रॉकेल सोडता का सुकंच?

पॅटर्नवाला: सुकंच. २४००० आरपीएम, दोन दातांचा कटर.

जुना टूलरूमवाला: स्पिंडलला हात लावू नका. कापलेल्या ॲल्युमिनियमच्या चकत्या (चिप्स) कटरला चिकटत असणार. एका दाताचा कटर, १२००० आरपीएम, फीड (कटर पुढं सरकायचा वेग) मिनिटाला ६०० एमएम ठेवा, रॉकेल थेंब थेंब सोडा. आणि किती हलतं ते मोजायला डायल लावून ताणकाट्यानं स्पिंडलचं नाक १० किलोनं ओढा. आकडा सांगा.

पॅटर्नवाला: एक्समध्ये (आडवं) ०.०६ एमएम. वायमध्ये (पुढं-मागं) ०.२२! मी तीनदा ओढलं, डायलच खराब वाटली.

जुना टूलरूमवाला: डायल बरोबर आहे. झेड, म्हणजे स्पिंडल वर-खाली करणारा भाग, गॅन्ट्रीखाली (वरच्या आडव्या तुळईखाली) लोंबतोय, त्यामुळं गॅन्ट्री पिळतेय. टेबल वर उचला. कटरही कमी बाहेर ठेवा, लांबी निम्मी केली की त्याचं वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. एमएसचं नंतर बघू. ६ एमएमच्या कार्बाइडला तिथं ५३०० च्या आसपास आरपीएम लागतील, आणि तेवढ्यावर तुमचा स्पिंडल जेमतेम अर्धा किलोवॅट देईल.

पॅटर्नवाला: जॉबखाली ९० एमएमचे बिडाचे ठोकळे घातले. वाय ०.०८ वर आलं. किंकाळी गेली, आता पिठाच्या गिरणीसारखं घुमतंय. चकत्या चकचकीत पडल्या, मुलानं डबीत भरून ठेवल्यात. पण जाड जॉब बसत नाही. एमएसची पेटी वेल्ड करून गॅन्ट्री बनवू का?

लेथवाला: वेल्डिंगनं पिळली तर सरळ कुठं करणार? अहो, फौंड्रीत आहात ना? बिडाची ओता की!

पॅटर्नवाला: काखेत कळसा म्हणतात ते हेच. मालकांना विचारलं, पुढच्या हीटला (बीड वितळवतील तेव्हा) साचा लावू म्हणाले. पॅटर्न याच मशीनवर कापतोय. बीड थंड होताना आक्रसतं त्याला मीटरला १० एमएम, रेल बसते त्या तोंडाला मशिनिंगसाठी ३ एमएम जादा धरलंय. गॅन्ट्री ७४० एमएमची आणि मशीन कापतं ६०० एमएम, म्हणून लाकूड दोन तुकड्यांत. जोडायचे डॉवेल (खुंट्या) बसले, आज फिलेटला (आतल्या कोपऱ्यांच्या गोलाईला) मेण लावलं.