शब्दचर्चा: पर्यावरणीय शोक की हळहळ, तगमग, धसका?

प्रश्न

सोलापुरात आम्ही काही जण उन्हाळ्यात एका संध्याकाळी एकत्र बसणार आहोत. वाढते ऊन, आटणारी तळी आणि २०२५ च्या सप्टेंबरातील सीना नदीचा पूर यांविषयी मनात साचलेले तेथे बोलावे, आणि बोलण्याआधी ते शरीरात कोठे जाणवते याकडे सर्वांनी मिळून लक्ष द्यावे, अशी कल्पना आहे. निमंत्रणाच्या मसुद्यात ‘पर्यावरणीय शोक सामायिक करण्यासाठी शरीराधारित सामूहिक चिंतन’ असे लिहिले आहे. हे निमंत्रण माढा-मोहोळकडील पूरग्रस्त शेतकऱ्यांना आणि शहराच्या पूर्व भागातील विडी कामगार महिलांनाही जायचे आहे. ‘पर्यावरणीय शोक’ हा शब्द योग्य आहे का? तसेच ग्लेन अल्ब्रेक्ट या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञांनी हंटर खोऱ्यातील कोळसा खाणींच्या परिसरातील लोकांची अवस्था पाहून ‘सोलॅस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. माणूस आपल्याच ठिकाणी राहतो, पण ते ठिकाण त्याच्या डोळ्यांदेखत बदलून जाते, त्याची ही व्यथा. तिला मराठीत काय म्हणावे?

पहिले उत्तर

‘सामायिक’ प्रथम काढून टाकावा. आपल्याकडे विहीर सामायिक असते, बांध सामायिक असतो, आणि त्यावरून बहुधा भांडणे होतात. भावनेसाठी ‘मन मोकळे करणे’ पुरेसे आहे.

‘शोक’ मराठीत मरणाशी बांधला गेला आहे. शोकसभा, शोकसंदेश, शोकाकुल या शब्दांवरून ते दिसते. तळे आटत आले असले तरी पुढच्या पावसाची आशा शिल्लक असते, अशा वेळी शोक म्हणणे घाईचे होईल. शिवाय एकाच छत्रीशब्दाखाली जे कोंबले जाते, ते मराठीने फार बारकाईने वेगळे ठेवले आहे. हळहळ ही बहुधा पाहणाऱ्याची असते. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी दिसेनासा झाला याची शहरातल्या पक्षीप्रेमीला हळहळ वाटते. परंतु १९७९ मध्ये जाहीर झालेल्या आणि प्रारंभी सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर पसरलेल्या तेथील माळढोक अभयारण्यात ज्याची जमीन आली, ज्याच्या खरेदी-विक्रीला वर्षानुवर्षे अडथळे आले, त्या शेतकऱ्याला त्याच पक्ष्याविषयी तेच वाटेल असे गृहीत धरता येत नाही. पुढे क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरपर्यंत कमी झाले, तरी तो कडवटपणा सर्वत्र ओसरला असे नाही. तगमग मात्र ज्याच्यावर बेतले आहे त्याची असते. तिच्यात माणसाला एका जागी बसवत नाही. पुरात उभे पीक गेलेल्याने पावसाचा धसका घेतलेला असतो, म्हणजे ढग भरून आले की त्याच्या छातीत धस्स होते. आपण वेळेवर काही केले नाही ही रुखरुख वेगळी. आणि एप्रिल-मेच्या उन्हात होते ती काहिली अंगाचीही असते आणि जिवाचीही.

हे सगळे शब्द मुळातच देहाचे असल्यामुळे ‘शरीराधारित’ हे विशेषण अनावश्यक ठरते. ‘तुमच्या भावना सांगा’ असे म्हटल्यावर लोक भाषण करतात, असा माझा अनुभव आहे. ‘जिवाला काय होते?’ असे विचारले तर उत्तर छाती, पोट, हातपाय यांच्याकडून येते. यूजीन जेंडलिन या मानसशास्त्रज्ञांचेही म्हणणे याच दिशेचे होते: शरीरात काहीतरी अस्पष्ट जाणवत असते, त्याला एकेक शब्द लावून पाहावा, आणि नेमका शब्द सापडला की आत काहीतरी सैल होते.

सोलॅस्टॅल्जियासाठी नवा शब्द घडवू नये. ‘गावात राहून गावाला पारखे होणे’ यात तो अर्थ पूर्ण उतरतो.

दुसरे उत्तर

वरील विवेचन पटते. एक भर घालतो. अशा बैठकांत अमेरिकन पर्यावरण-कार्यकर्त्या जोआना मेसी यांनी रूढ केलेली एक पद्धत वापरली जाते. गोलाच्या मध्यभागी चार वस्तू असतात आणि बोलणारा त्यांपैकी एक हातात घेतो: दुःखासाठी वाळलेली पाने, भीतीसाठी दगड, रागासाठी काठी आणि रितेपणासाठी रिकामे भांडे. ती मराठीत जशीच्या तशी आणू नये. आपण ‘छातीवर दगड ठेवून’ दुःख गिळतो, त्यामुळे दगड हाती घेतलेली बाई भीतीविषयी न बोलता दाबून ठेवलेल्या दुःखाविषयी बोलेल, आणि सूत्रधार मात्र भीतीची वाट पाहत राहील. रिकाम्या भांड्याऐवजी रिकामी घागर ठेवली, तर काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात तिचा अर्थ रितेपणाच्या पुष्कळ पलीकडे जाईल आणि तेथे कदाचित रागच बाहेर येईल. वस्तू ठेवाव्यात, कोणती कशासाठी हे आधी ठरवून सांगू नये.

हात गुंतलेले असताना मन मोकळे करणे आपल्याला नवे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी संकलित केलेल्या १,००,००० हून अधिक जात्यावरच्या ओव्या हाच त्याचा पुरावा आहे. विडी वळणाऱ्या महिलांपैकी अनेकींच्या घरी तेलुगू बोलली जाते. तेव्हा त्यांचे शब्द त्यांनाच विचारावेत, वरील मराठी शब्द त्यांच्यावर लादू नयेत.

प्रश्नकर्तीकडून

मसुदा असा बदलला आहे: ‘ऊन, पाणी आणि पूर यांनी जिवाला काय होते, ते एकमेकांजवळ बोलण्यासाठी संध्याकाळी एकत्र बसू या.’ तेलुगू मजकूर पूर्व भागातील महिलांकडूनच लिहून घेणार आहोत. ‘एकमेकांजवळ’ ठेवावे की ‘एकमेकांशी’, यावर अद्याप एकमत झालेले नाही. मला पहिला शब्द बरा वाटतो, कारण ज्याला नुसते येऊन बसायचे आहे त्यालाही त्यात जागा राहते.