नवीन चेन टाकली आणि गिअर उडायला लागला

रविवारी_पन्हाळा
मंडळी, डोकं खाल्लंय या सायकलनं. 2021 ला घेतलेली एमटीबी (डोंगरी सायकल), पुढं तीन, मागं नऊ गिअर. आठवड्यातनं दोनदा गोकुळ शिरगावला कामावर, रविवारी पन्हाळा नाहीतर जोतिबा. पहिली चेन 7,000 किलोमीटर चालली. त्रास नव्हता, म्हणून मी पण हात लावला नाही. गेल्या महिन्यात दुकानदार म्हणाला चेन संपली, बदलून घेतली, आणि तिथनं सुरू झालं. मागं 13 किंवा 15 दातांवर उभं राहून जोर लावला की खट्! परवा भर ट्रॅफिकात गुडघा हँडलवर आपटला, अजून निळा आहे. वाघबीळच्या घाटात मात्र मोठ्या स्प्रॉकेटवर (मागच्या दातेरी चक्रावर) एकदाही उडत नाही. दुकानात दोनदा नेली, दोन्ही वेळा केबल ताणून परत दिली. जुन्या चेनवर सगळं गुमान चालत होतं की! तीच परत लावू काय? डब्यात आहे अजून.

लेथवाला_उद्यमनगर
केबल ताणून काय होणार त्यात? जुनी चेन रॉकेलनं धुवा, खिळ्याला टांगा आणि स्टीलपट्टीनं मोजा. पिनेच्या मध्यापासून 24 कड्या, म्हणजे बरोबर 12 इंच, 304.8 मिमी. किती येतंय सांगा.

रविवारी_पन्हाळा
307.5. दोनदा मोजलं.

लेथवाला_उद्यमनगर
मग झालं की. जवळजवळ 0.9 टक्के. चेन ताणली म्हणतात सगळे, पण पट्ट्या काही रबरासारख्या ताणत नाहीत. पिन आणि ती जिथं फिरते ती आतल्या पट्टीची कड, दोन्ही झिजतात. तुमच्या प्रत्येक सांध्यात 110 मायक्रॉनच्या वर खेळ आलाय. एवढ्या फरकाला आमच्याकडं अख्खा लॉट परत येतो.

आता त्या लांबलेल्या चेननं दातांमधल्या खाचा आपल्या मापाच्या करून घेतल्या. जोडीनं म्हातारी झाली दोघं, म्हणून आवाज नव्हता. नव्या चेनचं पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, 12.7 मिमी, ती त्या खाचेत नीट बसतच नाही, जोर आला की दातावर चढते आणि उडते. मोठ्या स्प्रॉकेटला दात जास्त, भार वाटला जातो, शिवाय तिथं तुम्ही फक्त रविवारी असता. 13 आणि 15 वर कामाचे दिवस काढलेत.

जुनी चेन लावून सगळंच पार संपवायचं, असंही लोक करतात. मी करणार नाही, घाटात तुटली तर ढकलत यावं लागतं. नव्या चेनला नवी कॅसेट, म्हणजे मागच्या स्प्रॉकेटचा अख्खा संच, घ्या. पुढच्या वेळी 24 कड्यांत 2.3 मिमी वाढ दिसली, म्हणजे 0.75 टक्के, की चेन बदला. अकरा-बारा गिअरवाल्यांनी 0.5 लाच बदलावी. चेन स्वस्त पडते, कॅसेट नाही.

पाचट_आणि_पेडल
लेथवाले काका बोलले ते शंभर टक्के. माझं दुखणं वेगळं होतं. मी गाडीचं उरलेलं इंजिन ऑईल ओतायचो, चेन कशी काळीभोर चमकायची! पन्हाळ्याच्या जांभ्याची तांबडी माती त्यात बसली की पॉलिश पेपरच तयार होतो. आता रोलरवर एकेक थेंब, रात्रभर तसंच, सकाळी बाहेरनं फडक्यानं कोरडी. तेल आत पाहिजे, बाहेर नाही. आणि वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं धुऊ नका भावा. माझ्या मागच्या चाकाच्या हबातलं ग्रीस असंच गेलं, तिथला पोरगा म्हणतोय, बघा कशी चकाचक झाली!

उसाच्या सीझनला घरी आल्यावर जॉकी व्हील, म्हणजे मागच्या गिअर बदलणाऱ्या डिरेलरची छोटी चाकं, पण बघा. ट्रॉल्यांतनं पडलेलं पाचट तिथं असं गुंडाळतं की नखानं निघत नाही.

रविवारी_पन्हाळा
कॅसेट आज बसवली. जुनीचं 15 चं स्प्रॉकेट नव्याच्या शेजारी धरून बघितलं. जुन्याच्या खाचा एका बाजूला पसरलेल्या, दातांची टोकं वाकून माशाच्या परासारखी झालेली. रोज पुसत होतो, कधी दिसलं नाही. संध्याकाळी शिवाजी पुलापासून केर्लीपर्यंत मुद्दाम उभं राहून हाणली, एकदाही उडली नाही. काका, तुमच्याकडं चहा लागू झाला. फक्त पुढच्या मधल्या चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चक्राचे) दात पण थोडे टोकदार वाटतात. ती ठेवू का बदलू?

लेथवाला_उद्यमनगर
उडत नाही ना? मग ठेवा. पेडल मारताना चेन खालनं सुटायच्या ऐवजी दातांना चिकटून वर ओढली जायला लागली की बदला. चहा कधी?