को-ऑप खेळात आपली गोळी सोबत्याला लागावी का?

सह्यकडा

मित्रांनी एकाच बाजूने मिळून खेळायच्या, म्हणजे को-ऑप, ॲक्शन गेममध्ये आपली गोळी आपल्याच सोबत्याला लागली तर त्याला इजा व्हावी की नाही, यावरून आमच्या गटात नेहमी वाद होतो. खेळणारे या नियमाला फ्रेंडली फायर म्हणतात. माझे मत असे आहे की इजा झालीच पाहिजे आणि हा नियम बंद करण्याची सोयही खेळात नसावी. ज्या खेळात माझ्या हातून सोबत्याचे काहीच बिघडू शकत नाही, तिथे मी त्याच्या शेजारी बसून माझा एकट्याचा खेळ खेळत असतो, असे मला वाटते.

स्टॉकहोमच्या ॲरोहेड गेम स्टुडिओजचा, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला ‘हेलडायव्हर्स २’ पाहा. चार जणांचा गट शत्रूच्या ग्रहावर उतरतो आणि तिथे कोणाचीही गोळी, ग्रेनेड किंवा आकाशातून मागवलेला मारा आपला-परका पाहत नाही. ५०० किलोचा बॉम्ब मागवायचा तर आधी बाणांच्या कळा ठरावीक क्रमाने दाबाव्या लागतात, मग खूण करणारा गोळा फेकावा लागतो आणि तो जिथे पडेल तिथे थोड्या वेळाने बॉम्ब येतो. त्या मधल्या क्षणांत बाकीच्या तिघांना सावध करणे हे बॉम्ब टाकण्याइतकेच महत्त्वाचे काम असते. सेंट्री, म्हणजे आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक, उभी केली, तर शत्रूचा माग घेत वळताना ती मध्ये आलेल्या सोबत्यालाही पाडते. म्हणून ती कुठे ठेवायची हे चौघांच्या जागा पाहून ठरवावे लागते आणि जो तिच्या माऱ्यात सापडेल त्याला जमिनीवर आडवे व्हावे लागते. फ्रेंडली फायर काढून टाका, म्हणजे चौघेही एकाच उंचवट्यावर उभे राहून एकमेकांच्या अंगातून आरपार गोळ्या झाडतील आणि तरीही जिंकतील.

या स्टुडिओने हा विचार काल-परवा केलेला नाही. २०११ मधील त्यांच्या ‘मॅजिका’त जादूगार एकमेकांना सहज मारू शकत, आणि परस्परविरोधी तत्त्वांचे दोन किरण एकमेकांना छेदले की स्फोट होई. २०१५ चा पहिला ‘हेलडायव्हर्स’ही याच नियमावर उभा होता. व्हॉल्व्हच्या ‘लेफ्ट फोर डेड २’मध्ये तर या नियमातून एक शिस्तच तयार झाली: अरुंद वाटेत पुढचा खेळाडू खाली बसतो, म्हणजे मागच्याला त्याच्या डोक्यावरून गोळी झाडता येते. ही शिस्त कोणी पाठ करून घेतली नाही. सोबत्याच्या गोळ्या पाठीत लागल्यावर प्रत्येक गटाला ती आपोआप सुचते. सोबत्याची जागा सतत डोळ्यांपुढे ठेवायला लावणारा दुसरा कोणताही नियम मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगावा.

अबोली

मला हे मत अजिबात पटत नाही. तुम्ही वर्णन केलेली शिस्त खरी आहे, परंतु ती ज्या चौघांमध्ये तयार होते ते चौघेही आधीपासून सारख्या तयारीचे असतात. मित्रांचे गट असे क्वचित असतात. कोणी कॉलेजपासून शूटर, म्हणजे गोळीबाराचे गेम, खेळत आलेला असतो, कोणाच्या हाती कंट्रोलर नुकताच आलेला असतो, कोणी दोन वर्षांच्या खंडानंतर केवळ गप्पांसाठी आलेला असतो.

अशा गटात फ्रेंडली फायरची किंमत सर्वांत कच्च्या खेळाडूला मोजावी लागते. माझ्या धाकट्या मावसभावाला आम्ही गटात घेतले तेव्हा मी हे जवळून पाहिले. त्याच्या ग्रेनेडने आमच्यातले दोघे पडल्यावर कोणीही त्याला रागावले नाही, सगळे हसले, पण त्यानंतर त्याने ग्रेनेड वापरलाच नाही. काही वेळाने तो गोळीबारही जपून करू लागला, आणि शेवटी आमच्या मागे धावत पडलेल्या वस्तू गोळा करणे एवढेच काम त्याने स्वतःकडे घेतले. तुम्ही म्हणता तसे त्याला आमच्या जागांचे भान आलेच होते. त्या भानानेच त्याचा खेळ थांबवला. आणि जे पटाईत होते ते हळूहळू हुकूम देऊ लागले: इथे उभा राहा, तिकडे झाडू नकोस, हे वापरू नकोस. चौघांच्या सहकार्यासाठी ठेवलेल्या नियमाने एक नायक आणि तीन शिपाई तयार होत असतील, तर मी त्याला सहकार्य म्हणणार नाही.

तुम्ही दुसरा नियम मागितला आहे, तो असा: प्रत्येकाच्या हाती असे काहीतरी द्या जे दुसऱ्याकडे नाही. डेन्मार्कच्या घोस्ट शिप गेम्सच्या ‘डीप रॉक गॅलेक्टिक’मध्ये, जो २०२० मध्ये पूर्ण रूपात आला, चार प्रकारचे खाणकामगार आहेत. गुहा मिट्ट काळोखी असते आणि तिचे उंच छत उजळण्याचे साधन स्काउटकडे असते. छताजवळ खनिज दिसले तर स्काउट दोराने झेपावून तिथे पोहोचतो, पण पाय टेकायला जागा नसते. ती जागा इंजिनिअर भिंतीवर फळी चिकटवून करून देतो. गनर दोन कड्यांमध्ये तार बांधतो, ड्रिलर दगडातून सरळ बोगदा काढतो. मित्राची गोळी तिथेही थोडी लागते, परंतु त्या खेळातले सहकार्य तिच्यावर अवलंबून नाही. माझ्या मावसभावाने तिथे पहिल्याच संध्याकाळी इंजिनिअर घेतला आणि गटातला सर्वांत अनुभवी खेळाडू त्याला हाक मारत होता, कारण फळी त्याच्याकडेच होती. हेझलाइटचा २०२१ मधील ‘इट टेक्स टू’ याच्याही पुढे जातो. तो एकट्याने खेळताच येत नाही. एकाकडे खिळे आणि दुसऱ्याकडे हातोडी असते, आणि एकाने खिळा मारल्याशिवाय दुसऱ्याला त्यावर झुलून पलीकडे जाता येत नाही.

दर्यावर्दी

मी सह्यकडा यांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. ही चर्चा ओळखीच्या मित्रांपुरती ठेवावी. अनोळखी लोकांसोबत खेळताना मुद्दाम मागून गोळी घालणारा एखादा भेटतोच, आणि त्याला मताने बाहेर काढण्याची किंवा हाकलण्याची सोय कितीही चांगली असली तरी तोपर्यंत अर्धा खेळ वाया गेलेला असतो. मित्रांमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण हेतूविषयी शंका नसते. शिवाय आमच्या गटात एक जण दुबईत आणि एक न्यू जर्सीत आहे. नेट अडखळले की सोबती पडद्यावर दिसतो तिथे खरोखर असतोच असे नाही, आणि त्या वेळी लागलेली गोळी ही कोणाचीच चूक नसते. हे समजून घ्यायला ओळख लागते.

पारिजात

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर ‘कॉन्ट्रा’ खेळलेले अनेक जण इथे असतील. कोनामीचा हा खेळ मूळचा १९८७ चा. त्यात सोबत्याला गोळी लागत नसे. तरीही धबधब्याच्या टप्प्यावर पुढचा खेळाडू भराभर वर चढत गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरके आणि मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला जाऊन मरे. त्यामुळे ‘थांब, मला येऊ दे’ असे ओरडणे हा त्या खेळाचा भाग होता. म्हणजे सोबत्याचे बरेवाईट आपल्या हाती असण्यासाठी गोळीच लागली पाहिजे असे नाही, इतके मला सह्यकडा यांना सांगायचे आहे.

अलीकडचे याहून चांगले उदाहरण कॅपकॉमच्या ‘मॉन्स्टर हंटर वर्ल्ड’ या महाकाय प्राण्यांच्या शिकारीच्या खेळाचे आहे. तिथे तुमची तलवार मित्राला लागली तर त्याचे आयुष्य कमी होत नाही, पण तो अडखळतो, आणि काही शस्त्रांच्या विशिष्ट घावांनी तर हवेत उडतो. त्याने चालवलेला वार अर्धवट राहतो. तेवढ्यावरूनच जाणते शिकारी प्राण्याचे भाग वाटून घेतात: लांब तलवारवाल्याने शेपटीकडे राहावे, हातोडीवाल्याने डोक्याशी. दुसरे म्हणजे, सर्वसाधारण मोहिमेत चौघांना मिळून दोनदाच बेशुद्ध पडण्याची मुभा असते. तिसऱ्या वेळी कोणीही पडला तरी मोहीम सर्वांचीच फसते. इथे परिणाम खरा आहे, जबाबदारी सामायिक आहे, आणि तरीही कोणी कोणाला मारत नाही.

सह्यकडा

पारिजात यांचे ‘मॉन्स्टर हंटर’चे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, असे मी नम्रपणे म्हणतो. तिथे सोबत्याच्या वाराचा परिणाम होतो, तो सौम्य आहे इतकेच. तीनदा पडण्याच्या नियमाबद्दल मात्र माझी शंका आहे. अबोली यांना कच्च्या खेळाडूची काळजी वाटते, आणि हा नियम तर त्याच्यावरच सर्वांत जास्त भार टाकतो. तिसऱ्यांदा पडणारा बहुतेक वेळा तोच असतो, आणि चौघांनी अर्धा तास केलेली मेहनत त्याच्यामुळे गेली हे सर्वांना दिसते.

अबोली यांच्या मुख्य मुद्द्याला माझे उत्तर असे. गरजेवर उभे केलेले सहकार्य मलाही आवडते, परंतु गरज ही अधूनमधून येते. फळी हवी असते तेव्हा इंजिनिअरची आठवण होते; झुंडीवर गोळ्या झाडताना मात्र तो कुठे उभा आहे याकडे कोणाचे लक्ष नसते. शिवाय गरज टाळता येत असेल तर खेळाडू ती टाळतातच. ‘हेलडायव्हर्स २’मध्ये रिकॉइललेस रायफलचा दारूगोळा दुसऱ्याने पाठीवर घेतला आणि तो शेजारी उभा राहून ती भरत गेला, तर मारा कितीतरी वेगाने होतो. ही सोय सुंदर आहे. पण आमच्या गटात प्रत्येक जण रायफल आणि पाठीवरची पेटी दोन्ही स्वतःच घेऊन फिरतो, कारण एकट्याने काम भागते. फ्रेंडली फायर असे बाजूला ठेवता येत नाही, हेच त्याचे बळ आहे.

अबोली

रिकॉइललेसचे निरीक्षण मला मान्य आहे, आणि तो त्या रचनेतला दोष आहे असे मी म्हणेन. ‘इट टेक्स टू’मध्ये खिळा टाळताच येत नाही. पण या सगळ्यात एक गोष्ट अजून कोणी बोललेली नाही: मेल्यानंतर काय होते?

‘हेलडायव्हर्स २’मध्ये मित्राच्या बॉम्बने मी मेले, तर दुसरा सोबती लगेच मला परत बोलावतो आणि मी आकाशातून नव्या कोशात बसून खाली येते. प्रत्येक खेळाडूमागे पाच म्हणजे चौघांत मिळून वीस वेळा हे करता येते, आणि तेही संपले तर ठरावीक वेळाने पुन्हा एक संधी मिळते. माझे जड शस्त्र जिथे पडले तिथेच असते, जाऊन उचलायचे. मृत्यू इतका स्वस्त केला आहे, म्हणूनच त्या खेळातले फ्रेंडली फायर लोकांना सुसह्य वाटते. उलट ‘लेफ्ट फोर डेड २’च्या सर्वांत कठीण पातळीवर मित्राची गोळी जबर लागते, दोनदा कोसळून उठवलेला माणूस उपचार न मिळता पुन्हा कोसळला तर सरळ मरतो, आणि मग तो पुढे कुठे एखाद्या बंद खोलीत सापडेपर्यंत नुसता बघत बसतो. एकाच नियमाचे हे दोन पूर्ण वेगळे अनुभव आहेत. तुम्ही नियमाचे श्रेय म्हणून जे सांगता त्यातले निम्मे श्रेय त्या स्वस्त पुनरागमनाचे आहे.

आणि व्हॉल्व्हने काय केले तेही पाहा. सोप्या पातळीवर मित्राच्या गोळीने काहीच इजा होत नाही, आणि पुढच्या प्रत्येक पातळीवर ती वाढत जाते. तुमची शिस्त ज्या खेळात घडली त्या खेळानेच नवख्यासाठी नियम बंद करून ठेवला आहे. तुम्ही मात्र तो बंद करण्याची सोयच नको म्हणता.

सह्यकडा

पुनरागमनाचा मुद्दा मी स्वीकारतो आणि माझ्या मूळ म्हणण्यात तो जोडतो: फ्रेंडली फायर ठेवायचे तर परत येणे सोपे हवे. सोप्या पातळीवर ते बंद ठेवणे मात्र मला चुकीचेच वाटते. जो तिथे आरपार गोळ्या झाडायला शिकतो, त्याला पुढच्या पातळीवर ती सवय मोडावी लागते, आणि ती मोडेपर्यंत त्रास त्याच्या सोबत्यांना होतो. सोप्या पातळीवर शत्रू कमी असतात, उसंत असते. जागेचे भान शिकायला त्याहून चांगली वेळ कोणती?

अबोली

उसंत असते म्हणूनच तिथे त्याला आधी बंदूक, नकाशा आणि वेगवेगळे शत्रू शिकू द्यावेत. ‘लेफ्ट फोर डेड २’मधला हंटर हा झेप घेणारा शत्रू अंगावर आला की स्वतःला सोडवता येत नाही, सोबत्यानेच येऊन सोडवावे लागते, हे त्याला पहिल्या दहा मिनिटांतच कळते. त्या घटकेला गोळी मित्राला लागेल या भीतीने नवखा कचरला, तर ज्याच्या छातीवर हंटर बसला आहे तो जीवच गमावतो. तिथे मला बेधडक झाडणारा सोबती हवा आहे.