मदत हवी आहे: सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) नावातला फरक, प्रतिज्ञापत्र पुरेल की गॅझेट लागेल?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचा सीपीएलचा अर्ज डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) ईजीसीए पोर्टलवर भरायचाय. उड्डाणाचे २०० तास पूर्ण, पेपर सगळे सुटलेत, क्लास १ मेडिकलची मुदत शिल्लक आहे. अडलंय ते नावावर.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं, आपल्या बोर्डाच्या पद्धतीने. पासपोर्टवर तिचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळ्या रकान्यात. आधारवर वडिलांचं नावच नाही. शिवाय गुणपत्रिकेवर वडिलांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त पडलाय. कॉम्प्युटर नंबर (डीजीसीएच्या परीक्षांसाठीचा ओळख क्रमांक) गुणपत्रिकेप्रमाणे, मेडिकल पासपोर्टप्रमाणे. माणूस एकच, जन्मतारीख सगळीकडे तीच, तरी दर टप्प्यावर ओळख नव्याने सिद्ध करायची, हे खरंच अति होतं.

'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र तयार आहे. आधारची दुरुस्ती टाकलीय. फ्लाइंग स्कूलच्या ऑफिसात म्हणतात प्रतिज्ञापत्र पुरे. तिच्या एका सीनियरने मात्र राजपत्रात (गॅझेटमध्ये) नाव छापून घेतलं होतं.

लग्नामुळे नाव बदललेलं नाही, ट्रेनिंग भारतातच झालंय. पासपोर्टला शक्यतो हात लावायचा नाही, कारण लॉगबुकही (उड्डाणांची नोंदवही) त्याच नावाने आहे.

अलीकडे ज्यांचं लायसन्स निघालंय त्यांनी कृपया सांगा: एका अक्षराच्या फरकाला प्रतिज्ञापत्र चाललं का? आणि गॅझेट करावंच लागलं, तर नाव पासपोर्टप्रमाणे छापायचं की गुणपत्रिकेप्रमाणे?