प्रतिसाद : केळीपलीकडचा खानदेश

खानदेशावरील एका चर्चेत तिथली शेती म्हणजे केळी, असे म्हटले आहे. ते रावेर-यावलच्या तापीकाठापुरते खरे आहे. पश्चिमेला साक्री तालुक्यात पांझरा नदीवर पिढ्यान्‌पिढ्या फड ही सिंचनाची पद्धत चालत आली असून, तीत नदीवरील दगडी बंधाऱ्यातून पाट काढून भिजणाऱ्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडतात आणि एका फडात, मालक अनेक असले तरी, सर्वांनी एकच पीक घ्यायचे असते. पाणी सोडण्याचा हक्क शेतमालकाला नसून पाटकऱ्याला, म्हणजे पाटाचे पाणी वाटणाऱ्या माणसाला, असतो, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. शिवाय १९०६ साली खानदेश जिल्ह्याची पूर्व-पश्चिम विभागणी झाली, तरी अहिराणी बोली आणि श्रावणातली कानबाई देवीची पूजा दोन्हीकडे राहिली, हेही चर्चेत यायला हवे होते.