मदत हवी आहे : 'पॉलिॲमरी'ला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. एका समुपदेशक मैत्रिणीची माहितीपत्रिका मराठीत करतेय आणि 'पॉलिॲमरी'पाशी गाडी अडली आहे. सगळ्यांच्या संमतीने, लपवाछपवी न करता एकाहून अधिक व्यक्तींशी प्रेमसंबंध, असा अर्थ.

व्युत्पत्ती शोधली तर गंमतच. 'पॉली' ग्रीक, म्हणजे अनेक. 'अमोर' लॅटिन, म्हणजे प्रेम. चक्क धेडगुजरी शब्द! अर्थात 'टेलिव्हिजन'ही तसाच, आणि आपला 'गैरसमज' तरी कुठे एका घरचा? अमेरिकेत मॉर्निंग ग्लोरी झेल-रेव्हनहार्ट या लेखिकेने १९९० मध्ये एका लेखात 'पॉलि-ॲमरस' हे विशेषण वापरलं. १९९२ मध्ये इंटरनेटवर 'पॉलिॲमरी' नावाचा चर्चागट निघाला, २००६ मध्ये हा शब्द ऑक्सफर्ड कोशात गेला.

माझी अडचण अशी, की 'बहुपत्नीत्व', 'बहुपतित्व' चालत नाहीत, त्यात लग्न आहे. 'बहुप्रेम' म्हटलं की नुसतं 'खूप प्रेम' वाटतं. 'अनेकसंबंध' ऐकून आई म्हणाली, "म्हणजे भानगडच की!" आणि पत्रिकेला नेमका तोच सूर नकोय.

कुणी याहून बरा शब्द वापरलाय किंवा वाचलाय का? की सरळ 'पॉलिॲमरी' ठेवून पहिल्यांदा येईल तिथे अर्थ देऊ? शुक्रवारी मजकूर छपाईला जातोय.